शब्दाआधी ठोका : इलेक्ट्रॉनिक संगीतरचनेच्या आरंभाविषयी

प्रस्तावना

गाण्याची घडण शब्दापासून किंवा निदान गुणगुणता येईल अशा चालीपासून सुरू होते, असे गृहीत धरण्याची मराठी रसिकांची जुनी सवय आहे. कवीने गीत लिहावे, संगीतकाराने त्याला चाल लावावी, संयोजकाने त्या चालीभोवती वाद्यमेळ उभा करावा आणि शेवटी गायकाने ते ध्वनिमुद्रित करावे, हा क्रम भावगीताने पक्का केला; चित्रपटसृष्टीत चाल आधी आणि शब्द मागाहून असा प्रघात पडला तरी चाल ही गळ्यातून निघणारी ओळच राहिली, आणि ताल, वाद्ये, त्यांचा पोत या गोष्टी नंतर चढवायच्या दागिन्यांसारख्या मानल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक संगीतात, म्हणजे ज्याचा ध्वनी विजेच्या मंडलात किंवा संगणकात तयार होतो अथवा ध्वनिमुद्रणाचे तुकडे कापून-जोडून घडवला जातो अशा संगीतात, हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. तेथे रचनाकाराच्या हाती पहिल्यांदा येतो तो एखादा ठोका, एखादी घरघर, एखादा विशिष्ट पोताचा आवाज. चाल त्यातून फुटते आणि शब्द आले तर सर्वांत शेवटी येतात. या उलट्या क्रमाची पहिली पावले कशी पडतात, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. चित्रपटाच्या संदर्भात निर्माता म्हणजे भांडवल घालणारा. इलेक्ट्रॉनिक संगीतात ज्याला प्रोड्यूसर म्हणतात तो मात्र ध्वनी निवडणारा, ठेका बांधणारा, सूर रचणारा, मुद्रण करणारा आणि सगळ्या आवाजांची पातळी जुळवून रचना बाहेर काढणारा असा बहुधा एकच माणूस असतो, आणि बीडसारख्या जिल्ह्यात पदरचा पैसाही तोच घालत असल्याने निर्माता हा शब्द त्याला दोन्ही अर्थांनी लागू पडतो. डीजे हा त्याहून वेगळा : तो तयार रचना लोकांपुढे वाजवतो, एकीतून दुसरीत सांधा न दिसू देता नेतो. व्यवहारात मात्र या दोन भूमिका एकाच माणसात मिसळतात, आणि मिरवणुकीपुढे चालणाऱ्या ध्वनियंत्रणेलाच लोक डीजे म्हणत असल्याने या शब्दाचा घोळ आणखी वाढतो. ट्रॅक हा शब्दही असाच दुहेरी आहे. एका अर्थी तो पूर्ण रचनेचे नाव आहे, तर दुसऱ्या अर्थी त्या रचनेतील एकेका आवाजाच्या स्वतंत्र पट्टीचे. पुढील पानांत ट्रॅक म्हणजे पूर्ण रचना आणि पट्टी म्हणजे तिचा एक धागा, असा भेद पाळला आहे.

ध्वनी आधी आणि शब्द मागून हा क्रम परका आहे, असे बीड जिल्ह्यातील वाचकाला सांगून पटणार नाही. अंबाजोगाईची योगेश्वरी ज्यांचे कुलदैवत आहे त्या घरांतून लग्नानंतर गोंधळ घातला जातो तेव्हा देवीचे नाव उच्चारले जाण्याआधी संबळ हे वाद्य वातावरणाचा ताबा घेते. त्याच्या दोन भांड्यांपैकी मोठ्यातून निघणारा दबका, घुमारेदार नाद आणि लहानातून निघणारा टणत्कार यांच्या झटापटीतून ठेका उभा राहतो, तो काही आवर्तने नुसताच फिरत राहतो, आणि मग त्या फिरणाऱ्या ठेक्यावर गोंधळी कथेला हात घालतो. हलगीच्या बाबतीत तर शब्दांची गरजच उरत नाही. गावच्या जत्रेत, बैलपोळ्याला किंवा कुस्तीच्या फडावर हलगी कडाडली की माणसे गोळा होतात, आणि हलगीवाला एकच बोल किंचित फरकाने पुन्हापुन्हा वाजवून अंगात जी चेतना आणतो तीच गोष्ट इलेक्ट्रॉनिक संगीत लूप या नावाने करते. लूप म्हणजे ध्वनीचा असा तुकडा, जो संपताक्षणी खंड न पडता पुन्हा आरंभापासून सुरू होतो. हे साम्य वरवरचे नाही, आणि पुस्तकातील बरीच उदाहरणे याच भूमीतील वाद्यांवरून घेण्याचे कारणही तेच आहे.

सराईत रचनाकाराचा पहिला प्रश्न जागेचा असतो : हे वाजणार कुठे? बीड जिल्ह्यात या प्रश्नाची उत्तरे ठरलेली आहेत. वरात, जयंतीची मिरवणूक आणि गणेशविसर्जन ही त्यांपैकी सर्वांत मोठी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघणाऱ्या टोळ्यांच्या ट्रॅक्टरवरचा टेप हे दुसरे. आणि तिसरे म्हणजे प्रत्येकाच्या हातातला मोबाईल. या तीन जागांची भौतिक वागणूक इतकी वेगळी आहे की एकच रचना तिन्हीकडे सारखी वाजत नाही. मिरवणुकीतील मोठ्या बेसच्या पेट्या सेकंदाला ५० ते ६० कंपनांचा खर्ज छातीवर आदळवतात, पण मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून तो खर्ज ऐकूच येत नाही. म्हणून जाणता रचनाकार त्या खर्जावर त्याच्याच पटीतील वरच्या कंपनांचा थोडा मुलामा चढवतो, ज्यावरून कान खाली नसलेला खर्जही ओळखून घेतो. ट्रॅक्टरवर इंजिनाचा आवाज मधल्या कंपनसंख्यांवर सतत पसरलेला असतो, तेव्हा तेथे नाजूक मधले सूर वाया जातात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांना सामान्यतः मनाई केली आहे. मिरवणुकीत वाजणारा बहुतेक ट्रॅक ही मर्यादा ओलांडण्यासाठीच जणू बांधलेला असतो, हे या व्यवसायातील अवघड सत्य आहे आणि ते झाकण्याचे काही प्रयोजन नाही. केवळ पेट्यांची ताकद दाखवण्यासाठी भोंग्यांचे आवाज आणि थरथरणारा खर्ज एकत्र करून बनवलेले साउंड चेक नावाचे तुकडे संगीत म्हणून फारसे उरत नाहीत, तरी कोणत्या कंपनसंख्येला कोणती पेटी कशी वागते याचे त्यामागील ज्ञान मात्र अस्सल असते.

जागा ठरली की गती ठरते. इलेक्ट्रॉनिक संगीतात गती मिनिटाला किती मात्रा या मापाने सांगतात. बीपीएम हे त्याचे रूढ नाव. हाउस या नावाने ओळखला जाणारा नृत्यसंगीताचा प्रकार साधारण १२० ते १२८ मात्रांच्या दरम्यान चालतो, ट्रान्स त्याहून जलद, आणि ड्रम अँड बेस तर १७०च्या आसपास धावतो. १२८च्या गतीत एक मात्रा ४६९ मिलिसेकंदांची, चार मात्रांचे आवर्तन पावणेदोन सेकंदांहून थोडे अधिक आणि आठ आवर्तने बरोबर १५ सेकंदांची होतात. हा हिशेब कोरडा वाटला तरी रचनाकाराच्या मनात तो सदैव चालू असतो, कारण प्रतिध्वनी किती वेळाने परतावा, खर्जाचा घुमार पुढच्या ठोक्याआधी विरला पाहिजे की नाही, हे सगळे त्यावर ठरते. मिरवणुकीच्या ट्रॅकची गती तर माणसाच्या पायांनी बांधलेली असते : गर्दीत, जागच्या जागी, तासन्तास नाचायचे तर फार जलद गती दमवते आणि फार संथ गती मिरवणूक थिजवते. अशा मर्यादा रचनेला मारक ठरतात असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात कोऱ्या पडद्यासमोर बसलेल्या नवशिक्याला वाचवतात त्या याच.

त्या कोऱ्या पडद्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. संगीत रचण्याचे सॉफ्टवेअर उघडले की समोर चौकोनांची एक ओळ दिसते, तिच्यात बहुधा १६ घरे असतात, आणि ज्या घरावर खूण करावी तेथे ठोका पडतो. ही सोळा घरे आकाशातून पडलेली नाहीत. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली बाजारात आणलेल्या टीआर-८०८ या तालयंत्रावर लाल, नारिंगी, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांची अशीच सोळा बटणे होती. चार मात्रा आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग असा तो सरळ पाश्चात्त्य हिशेब होता. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स या नावाने आणलेले आणि २००३ पासून एफएल स्टुडिओ म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर त्याच सोळा घरांवर उभे राहिले, आणि साध्या विंडोज संगणकावर चालत असल्याने ते खेड्यापाड्यांतील रिमिक्स करणाऱ्यांपर्यंत सहज पोहोचले. अडचण अशी की गोंधळातील किंवा जागरणातील कितीतरी ठेके दादऱ्याच्या अंगाने, म्हणजे सहा मात्रांच्या झुलत्या चालीने जातात. सहा मात्रांना सोळा घरांत बसवू पाहणारा नवशिका चार घरे उरतात म्हणून तेथे काहीतरी ठोकून देतो आणि झुलणारा ठेका परेडसारखा चालू लागतो. उपाय सोपा आहे : रचनेचे माप आधीच बदलून घरांची संख्या बारा करावी, म्हणजे प्रत्येक मात्रेला दोन घरे मिळतात. पण हा उपाय पहिला ठोका टाकण्याआधी करावा लागतो. अर्धी रचना झाल्यावर तो सुचला तर सारे नव्याने मांडावे लागते. महाराष्ट्रातील कितीतरी रिमिक्समध्ये मूळ लोकगीताची लय मोडल्यासारखी वाटते, त्याचे कारण अभिरुचीइतकेच या सोळा घरांत आहे.

यंत्राची चौकट आणि इथली परंपरा यांची गाठ पडण्याचा प्रश्न नवा नाही. पॅरिसमध्ये पियर शेफर यांनी १९४८ साली रेल्वेच्या आवाजांचे तुकडे जोडून रचना केली, तेव्हापासून मुद्रित ध्वनी हाच कच्चा माल मानण्याची वाट खुली झाली. परळी वैजनाथच्या फलाटावर उभे राहून मोबाईलवर इंजिनाचा आवाज टिपणारा मुलगा नकळत त्याच वाटेने जात असतो. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवण्यात आला आणि काही भारतीय रचनाकारांनी त्यावर काम केले. परंतु या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजितसिंग यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी मुद्रित केली, तेव्हा त्यांच्यापुढे रोलँड कंपनीचीच तीन यंत्रे होती : ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि सुरांसाठी ज्युपिटर-८. त्यांनी आरंभ कोठून केला हे रचना ऐकताच कळते. ठेका सुरुवातीपासून अखेरपर्यंत जवळजवळ न बदलता चालतो, खर्जाचे यंत्र त्याच चार-दोन सुरांभोवती घोळत राहते, आणि या दोन स्थिर गोष्टींवर भैरव, ललित, यमन किंवा मालकंस आपल्या चलनाने उलगडत जातो. मैफलीत तानपुऱ्याने धरलेली जागा येथे यंत्राने धरली. शिकागोतील संगीतकारांनी टीबी-३०३ या यंत्राच्या पिळवटलेल्या आवाजातून अ‍ॅसिड हाउस हा प्रकार नावारूपाला आणला तो १९८७च्या सुमारास. मुंबईची ही तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची आहे, आणि ती जवळपास विस्मरणात गेली होती. २०१० साली तिची परदेशात नवी आवृत्ती निघाली तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना तिचा पत्ता लागला. चरणजितसिंग २०१५ मध्ये निवर्तले. त्यांना अ‍ॅसिड हाउसचे जनक म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या दोन प्रवाहांचा परस्परसंबंध दिसत नाही. त्यांचे मोठेपण सांगायला अशा पदवीची गरजही नाही : नव्या यंत्रापुढे बसताना त्यांनी आपल्या कानातील जुनी रचना, म्हणजे स्थिर आधार आणि फिरता राग ही जोडी, सोडली नाही, एवढे पुरे आहे.

आरंभाची क्रिया अगदी जवळून पाहायची तर एका हलगीचे उदाहरण घेता येईल. हलगी वाजवण्याआधी ती जाळावर धरून तापवतात, कारण कातडे ताणले गेल्याशिवाय तिचा कडाडणारा आवाज येत नाही. तेव्हा मुद्रण करणाऱ्याने वाद्य तापल्यानंतरची पहिली काही मिनिटे साधली पाहिजेत. अंगणात वाजणारी हलगी मोबाईलच्या मायक्रोफोनला फार जवळून सोसत नाही. आवाज फाटतो, म्हणून चार-पाच हात दूर, भिंतीकडे पाठ न करता उभे राहणे बरे. पाच मिनिटांच्या मुद्रणातून रचनाकार दोनच ठोके निवडतो : जाड काठीचा भरीव ठोका आणि बारीक काठीचा चटका. प्रत्येक ठोक्याआधीची शांतता कापून टाकावी लागते, कारण तेथे वीस मिलिसेकंदांची हवा राहिली तरी ठेका मागे रेंगाळल्यासारखा वाटतो. असा कापून वेगळा काढलेला ध्वनी म्हणजे सॅम्पल. मग भरीव ठोक्याखाली संगणकात तयार केलेला एक खर्ज बसवला जातो, ज्याला किक म्हणतात. हलगी वरची धार पुरवते आणि किक खालचे वजन. दोन्ही एकाच क्षणी सुरू होऊनही कधी एकत्र ऐकताना आवाज वाढण्याऐवजी पोकळ होतो, कारण एकाची ध्वनिलहर वर चढत असताना दुसरीची खाली उतरत असते आणि त्या एकमेकींना खातात. एकीची दिशा उलटी केली किंवा ती केसभर सरकवली की ठोका एकदम भरतो. ज्यांनी हा क्षण एकदा ऐकला आहे त्यांना ट्रॅक कोठून सुरू होतो हे वेगळे सांगावे लागत नाही. यानंतरची चूक ठरलेली असते : सॉफ्टवेअरमध्ये सगळे ठोके नेमक्या घरांवर ओढून बसवणारी एक सोय असते, तिचा वापर करताच हलगीवाल्याच्या हातातील किंचित आधी-नंतरची मजा नाहीशी होते. सोय वापरावी, पण अर्ध्यावर थांबवावी.

काही रचनाकार ठोक्याऐवजी पोतापासून आरंभ करतात. करवतीच्या दात्यांसारख्या आकाराची ध्वनिलहर घेऊन तिच्यातील वरची कंपने गाळणीने कमी-जास्त करीत गेले की तोच सूर कधी सनईसारखा कर्कश, कधी दाराआडून आल्यासारखा मऊ होतो. या गाळणीला फिल्टर म्हणतात आणि सिंथेसायझरची बरीचशी जादू तिच्यात आहे. तयार आवाजांची भली मोठी पेटी हाताशी असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येतो. तयार आवाज वापरण्यात पाप नाही, मात्र दोनशे आवाज चाळण्यात संध्याकाळ गेली आणि एकही ओळ उमटली नाही, हा अनुभव या क्षेत्रात सार्वत्रिक आहे.

बीड जिल्ह्यात आणि एकंदर मराठवाड्यात सर्वाधिक ट्रॅक सुरू होतात ते मात्र दुसऱ्याच्या गळ्यापासून. लोकप्रिय गाण्यातील आवाज वेगळा काढून त्याखाली नवा ठेका घालायचा, मध्ये स्वतःच्या नावाची घोषणा पेरायची आणि मिरवणुकीच्या हंगामाआधी तो वाटायचा, ही रिमिक्सची रीत. पूर्वी गाण्यातून गळा वेगळा काढणे जवळपास अशक्य होते; डीझर या फ्रेंच कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर हे साधन खुले केल्यापासून आणि तशीच सोय इतर सॉफ्टवेअरमध्ये आल्यापासून ते काही मिनिटांचे काम झाले आहे. यातून हाताला वळण लागते, लांबी-रुंदीचे भान येते, म्हणून शिकण्याचा मार्ग या नात्याने रिमिक्सला नाके मुरडण्याचे कारण नाही. कायद्याची बाजू मात्र स्पष्ट आहे : १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर साठ वर्षे मालकाचा हक्क असतो, आणि शब्द व चाल यांवरील हक्क त्याहून वेगळे असतात. परवानगीशिवाय केलेला रिमिक्स गावात गाजतो, पण त्याचे एक रुपयाचेही उत्पन्न करणाऱ्याच्या हाती हक्काने येत नाही.

आरंभ साधला तरी पुढे एक खड्डा आहे. आठ आवर्तनांचा सुरेख लूप तयार होतो, तो ऐकत रचनाकार तासभर डोलतो, त्यात आणखी एक पट्टी घालतो, आणखी एक, आणि रचना पंधरा सेकंदांच्या पलीकडे कधी जातच नाही. संगणकांत अशा शेकडो अर्धवट फायली पडून असतात. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांनी आपले पंचीकरण एका लांबलचक कापडावर लिहिले, ती पासोडी उलगडत वाचावी लागते. रचनेचा काळही सॉफ्टवेअरमध्ये असाच डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो, आणि लूपमध्ये अडकलेला माणूस पासोडीचे पहिलेच टोक पुन्हापुन्हा वाचत बसलेला असतो. यावर या पुस्तकाने सुचवलेला मार्ग काहीसा रुक्ष आहे : लूप चांगला जमला की त्याच दिवशी तो चार मिनिटे लांब पसरावा आणि मग जेथे जे नको ते खोडत जावे. गोंधळी हेच करतो. कथा रंगात आली की संबळ थांबवतो, आणि ठेका परत येतो तेव्हा तो नवा वाटतो. नृत्यसंगीतात ज्याला ड्रॉप म्हणतात, तो काढून घेतलेला खर्ज परत मिळण्याचाच क्षण असतो.

मराठी शब्द आणि हाउस संगीत यांची जोडी आता नवलाईची राहिलेली नाही. क्रेटेक्स या नावाने रचना करणाऱ्या कलाकाराने श्रेयस यांच्यासह २०२४ मध्ये काढलेला ‘तांबडी चामडी’ हा ट्रॅक मराठी न समजणाऱ्या श्रोत्यांपर्यंत गेला, आणि त्यातील शब्द अर्थाइतकेच नादासाठी वापरलेले आहेत, हे त्याच्या यशाचे एक उघड कारण आहे. त्या ट्रॅकची नक्कल करणारे पुष्कळ निघाले. संबळाच्या मोठ्या भांड्यातून वाकड्या काठीने निघणारा घसरता खर्ज हा स्वतःच एक परिपूर्ण बेस आहे, हे ओळखून त्यावर सबंध ट्रॅक उभारणारे अद्याप फार थोडे आहेत, आणि त्यांच्यासाठीच पुस्तकातील सर्वांत मोठे प्रकरण राखून ठेवले आहे.

पहिल्या प्रकरणासाठी फारसे सामान लागत नाही. साधा संगणक, कानाला लावायचा बरा हेडफोन, मोबाईल आणि भारनियमनाचे वेळापत्रक एवढ्यावर काम भागते. वाचकाने पहिले प्रकरण वाचण्याआधी हाताशी असेल त्या वाद्याचे पाच मिनिटांचे मुद्रण करून ठेवावे. हलगी असेल तर ती आधी नीट तापवून घ्यावी.